खिडकीत बसायचं काम

त्या मंगळवारी मी खारवलेला मासा आणायला बाजारात गेले होते, आणि परत येईपर्यंत बाई गेल्या होत्या. माझं नेहमी असंच होतं. नवरा बुडाला तेव्हाही मी कांदे निवडत उभी होते.

बसा, दिवा मधे सरकवा. तुमचं शिवण चालू द्या. माझे डोळे आता शिवणाचे राहिले नाहीत, म्हणून मी नुसती बोलते.

तर मासा. नोव्हेंबर होता, हॉलंडशी चाललेली लढाई संपून दोन महिने झाले होते, आणि बंदराच्या दोन बुरुजांमधून हॉलंडची जहाजं पुन्हा आत यायला लागली होती. मासा जरा स्वस्त झाला होता, तरी मी घासाघीस केलीच. घरी येऊन टोपली ओट्यावर ठेवली, तर मालक जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेले. इझाक तोव्हे, पिंपं बनवायचा धंदा. हा माणूस भर दुपारी बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

"पेरीन, आई गेली," ते म्हणाले. "आवाज करू नकोस."

मी गळा काढणार होते, तो तसाच गिळला.

आता हे घर कसलं ते सांगायला हवं, नाहीतर आवाज का करायचा नाही ते कळणार नाही. तोव्हे म्हणजे जुने प्रॉटेस्टंट. आमच्या ला रोशेलमध्ये एके काळी तेच सगळे; आमच्यासारखे कॅथलिक आसपासच्या खेड्यांतून दूध विकायला यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. मग फ्रान्सच्या राजानं शहराला वेढा घातला, समुद्रात बांध घालून जहाजं अडवली, आणि वर्षभरात शहर भुकेनं मेलं. आमच्या जुडिथबाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. त्यातून वाचल्या, मोठ्या झाल्या, म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा पुढच्या राजानं फर्मान काढलं की यांचा धर्मच आता देशात नाही. सैनिक घराघरांत राहायला आले. तोव्ह्यांकडे सहा जण होते. त्यांनी बाईंच्या उशाशी तीन दिवस, तीन रात्री आळीपाळीनं ढोल वाजवला, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. चौथ्या दिवशी बाईंनी कागदावर सही केली आणि झोपल्या. उठल्या त्या कॅथलिक होऊन.

अशा नव्या कॅथलिकांना देश सोडायला बंदी, आणि त्यांच्या घरात नोकर मात्र जुना कॅथलिक हवा, असा कायदा. म्हणजे राजाचा एक डोळा घरात राहिला. तो डोळा म्हणजे मी. पहाटे चारला उठून चूल पेटवायची आणि रात्री भांडी घासता घासता पेंगायचं, त्या डोळ्याला काय दिसणार, कपाळ!

बाईंचं आणि माझं जमायचं. दुपारी दोन ते चार त्या वरच्या खिडकीत बसायच्या, गुडघे धरून.

"पेरीन, तुझ्या संतांपैकी गुडघेदुखीचा कोण गं?"

"आहे एक. पण तो ओळखीच्यांचंच बघतो."

"मग राहू दे. आमच्यात वशिला चालत नाही."

हा त्यांचा आणि माझा रोजचा खेळ. आम्ही संतांना साकडं घालतो, मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, मेलेल्यांनाही आमच्यासाठी शब्द टाकायला सांगतो. त्यांच्यात तसलं काही नाही. माणूस मेला की देवाचा झाला. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यासाठी मेणबत्ती लावायची नाही, त्याच्याकडे काही मागायचं तर नाहीच नाही. मला ते फार कोरडं वाटायचं.

एका गोष्टीवर मात्र त्या कधी थट्टा करायच्या नाहीत. "सही हातानं केली, पेरीन. हात राजाकडे गेला. तोंड मी दिलेलं नाही." ईस्टरला प्रत्येकानं चर्चमध्ये जाऊन पाद्र्याच्या हातची पवित्र भाकर घ्यायची असते. ती पातळ पांढरी चकती म्हणजे आमच्या लेखी साक्षात देवाचं शरीर. बाईंच्या लेखी ती पिठाची चकती होती, आणि तिला देव म्हणणं हे पाप होतं. आधीच्या पाद्र्यानं कधी मोजलं नाही; नवा आल्यावरचे तीन ईस्टर त्यांनी गुडघ्यांच्या नावावर काढले.

पण मरणाच्या वेळी गुडघे उपयोगाचे नसतात. नवा कॅथलिक आजारी पडला की वैद्यानं पाद्र्याला कळवायचं, आणि मरताना त्यानं भाकर नाकारली तर प्रेताला पालथं बांधून घोड्यामागं गावभर फरफटायचं, आणि कचऱ्याच्या ढिगावर टाकायचं. एका म्हाताऱ्या दोरवाल्याचं तसं झालेलं मी आमच्याच रस्त्याच्या कमानींखाली उभं राहून पाहिलं होतं. मागं राहिलेल्यांचं घर जप्त. आणि पोरं मठात. इझाकमालकांना एकच मुलगी, आठ वर्षांची आबिगाएल, बाळंतपणात आई गेलेली. मठात गेलेल्या पोरी सहा महिन्यांनी बापाला रस्त्यात पाहून दुसरीकडे तोंड फिरवतात, हेही मी पाहिलं होतं.

म्हणून बाईंना ताप आला तेव्हा वैद्य बोलावला नाही. आणि म्हणून मालक पायरीवर बसून म्हणाले, "एप्रिलमध्ये मिठासाठी हॉलंडचं जहाज येईल. कप्तान आपल्यातला आहे. मी आबीला घेऊन जाणार. तोवर आई जिवंत हवी."

"मालक, त्या गेल्या ना?"

"खिडकीत दिसली की पुरे."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. उंची, खांदे. माझ्या लक्षात आलं, आणि माझे पाय तिथंच दुखायला लागले.

तळघरात फळ्यांच्या ढिगाखाली त्यांनी खड्डा खणला. बाईंना चादरीत गुंडाळून ठेवलं, माती ओढली, फावड्यानं थोपटली, वर फळ्या रचल्या. मी वाट बघत राहिले की आता काहीतरी म्हणतील. ते हात झटकून जिन्याकडे निघाले.

"एवढंच?" मी म्हटलं. "दोन शब्दही नाहीत?"

"मेलेल्याशी आपलं काम नसतं, पेरीन. ती आता देवाच्या हातात आहे." त्यांचा चेहरा मातीनं भरला होता आणि डोळ्यांखाली दोन ओघळ स्वच्छ झाले होते. "तूही काही करू नकोस. ऐकलंस?"

मी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी मेणबत्तीचा तुकडा घेऊन खाली गेले.

मग माझं काम सुरू झालं. सकाळी चूल, बाजार, धुणं, आबीला पाद्र्याच्या शाळेत पोचवणं, स्वयंपाक. दुपारी दोनला हात पुसायचे, बाईंची पांढरी टोपी घालायची, करडी शाल ओढायची आणि खिडकीच्या आत, जरा अंधारात बसायचं. चार वाजता उठायचं आणि पुन्हा पेरीन व्हायचं. समोरच्या घरात मेणबत्त्यांचं दुकान होतं. दुकानवाली मादाम कोकेल दर पाच मिनिटांनी बाहेर डोकावणारी बाई. तिनं हात केला की मी दोनदा मान हलवायची, बाई हलवायच्या तशी. नंतर खाली दारात भेटली की तीच मला विचारायची, "कशा आहेत गं तुझ्या बाई? हल्ली फार गप्प दिसतात." "त्यांना थंडी सोसत नाही," मी म्हणायची. शिवाय बाईंच्या वाटची वाटाण्याची पेज रोज शिजवून मलाच खावी लागायची, कारण वाडगं एक कमी धुतलं तरी ते समोरून दिसतं. एका पगारात दोन बायका झाले होते मी, आणि त्यातली एक मेलेली.

थकवा काय असतो ते तेव्हा कळलं. झोपेनं जात नाही असा थकवा. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. समुद्रावरून धुकं यायचं ते दुपारपर्यंत हलायचंच नाही. टोपीच्या नाड्या एका झटक्यात बांधता यायच्या नाहीत, आणि खिडकीत बसल्या बसल्या मला खरंच वाटायचं की मी पंचाहत्तर वर्षांची आहे.

फेब्रुवारीत मोठ्या धुण्याचा दिवस होता. सकाळपासून राखेच्या पाण्यात हात घालून अंगात कणकण भरली होती. मालक बंदरावर, आबी शाळेत. लाकडं आणायला तळघरात उतरले, तर एका पालथ्या पिंपावर बसावंसं वाटलं आणि बसले. वर चर्चमध्ये दोनचे टोले पडले. उठायचं होतं. उठवेना. समोर फळ्यांचा ढीग, आणि मी बोलून गेले. जशी संतांशी बोलते तशीच बोलले, त्यात विशेष काही नव्हतं.

"बाई, माझ्यानं नाही होत. आजचा दिवस तुम्हीच बसा."

आणि बसल्या जागी मला झोप लागली.

जाग आली ती चारच्या टोल्यांनी. दोन तास! खिडकी दोन तास रिकामी! मी धडपडत वर आले, तशीच दार उघडून रस्त्यात आले. मादाम कोकेल दुकानाच्या पायरीवरच होती.

"आज बाईंची तब्येत बरी दिसली हं!" ती ओरडली. "इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा खिडकी उघडून बसल्या. मी हात केला, पण बघितलं नाही माझ्याकडे. सारखं बंदराकडेच तोंड."

मी मान हलवून आत वळले.  आबी असेल असं मनाशी म्हणत जिना चढले, पण आबीची शाळा चारला सुटायची आणि ती तेव्हाच कमानीखालून उड्या मारत येत होती. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी सताड उघडी. धुकं आत आलं होतं. खुर्ची बंदराकडे वळवलेली, आणि बसायच्या जागेवर हात ठेवला तर ती ओलसर, थंडगार. ओल्या मातीचा आणि ओकच्या फळ्यांचा वास... तळघराचा वास, वरच्या मजल्यावर.

मी खिडकी लावली. कुणाला काही बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी पळून का गेले नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसले. तिसऱ्याही. अंगावर काटा घेऊन बसले. पण चौथ्या दिवशी पुन्हा अंग मोडून आलं, आणि मी पुन्हा तळघरात गेले. खरं सांगते, भीती होती, पण झोप भीतीपेक्षा मोठी होती. "बाई, आज..." एवढंच म्हटलं. पुढचं सांगावं लागलं नाही. वर पावलं वाजली नाहीत, जिना करकरला नाही. फक्त डोक्यावरच्या मजल्यात खुर्ची सरकली.

मग तर सवयच झाली. आठवड्यातून चार दिवस त्या बसायच्या आणि मी चुलीपाशी पाय पसरून झोपायची. माणूस कशालाही सरावतो. वर कधी जायची नाही मी त्या वेळात. मालकांना पत्ता नव्हता. ते रात्रंदिवस एक पिंप बनवत होते, भिंतीच्या आत दुसरी भिंत असलेलं, हवेला बारीक भोकं ठेवलेलं, आठ वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन मावेल एवढं.

आबीला मात्र कळलं होतं. एकदा भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "पेरीन, आजी माझ्याकडे बघतच नाही. तू तिला खिडकीबाहेरच बघायला सांगितलंयस ना?"

"कधी पाहिलंस तू?"

"शाळेतून लवकर आले तेव्हा. मी हाक मारली. तिनं मान वळवायला घेतली..." पोरीनं एक देठ मोडला. "मग मी म्हटलं, राहू दे आजी."

मी तिला जवळ ओढलं आणि पुन्हा कधी लवकर घरी यायचं नाही म्हणून दटावलं.

ईस्टर मार्चच्या शेवटी आला आणि गेला. मालक आणि आबी चर्चमध्ये जाऊन आले, मालकांनी तोंड कडू करून भाकर घेतली. जहाज यायला दहा-बारा दिवस उरले होते. बुधवारी दुपारी अडीच वाजता मी चुलीपाशी पेंगत होते. त्या दिवशी बसायची पाळी बाईंची होती. आणि रस्त्यातून घंटा ऐकू आली.

ती घंटा सगळ्यांना माहीत असते. पाद्री पवित्र भाकर घेऊन कुणाच्या तरी घरी चालला की पुढं एक माणूस घंटा वाजवत जातो, आणि रस्त्यातले सगळे गुडघे टेकतात. घंटा जवळ आली. आणखी जवळ आली. आमच्या दाराशी थांबली.

फादर गोरेन दारात उभे होते. माणूस वाईट नव्हता हो. म्हातारा, पाय सुजलेले, दृष्टी मंदावलेली, माझ्याइतकाच दमलेला. मी गुडघ्यांवर होते, त्यामुळे त्यांचे चिखलाचे बूटच आधी दिसले.

"ऊठ पेरीन. मादाम तोव्हे घरी आहेत ना? आत्ताच खिडकीत पाहिल्या."

"आहेत... पण बरं नाही त्यांना, फादर."

"म्हणून तर मीच आलो." ते भिंतीला टेकले. "हा चौथा ईस्टर. मला काही हौस नाही गं, पण यंदा वरून यादी मागितली आहे. त्यांनी भाकर घेतली तर मी त्यांच्या नावावर रेघ मारतो आणि घरी जाऊन पाय शेकतो. नाही घेतली तर उद्या सकाळी मठातल्या दोघी जणी येतील पोरीला न्यायला. माझ्या हातात तेवढंच आहे."

दहा दिवस. फक्त दहा दिवस हवे होते. मालक कामाच्या छपरीत होते, त्यांना बोलावून काय होणार होतं? मी म्हटलं, "मी आधी सांगून येते. त्यांना सावरून बसवते."

जिना चढताना वास यायला लागला. दार अर्धवट उघडं होतं. धुक्याचा करडा उजेड, खिडकी, खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवरून दिसणारी पांढरी टोपी. मी उंबरठ्याच्या आत गेले नाही. जाववेना.

"बाई..."

टोपी हलली नाही.

"बाई, आबीला नेतील हो. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणायचात ते. पण पोरीला नेतील. फादर देतील ते घ्या... एकदाच... तोंड उघडा."

  मग त्यांच्या शालीतून, एखादं जुनं लाकूड उलतं तसा एक बारीक आवाज झाला, आणि मी जिन्यात मागे सरले. फादर धापा टाकत माझ्या बाजूनं वर गेले.

मी पायऱ्यांवर बसून राहिले. ते जे म्हणत होते ते लॅटिन मला पाठ होतं, पण त्या वेळी एक शब्द कळला नाही. मग त्यांचा आवाज थांबला. समोरच्या दुकानात मादाम कोकेल खोकली ते ऐकू आलं. मी मनात देवाला म्हणत होते, घेऊ दे. आणि तेवढ्याच जोरानं, का ते विचारू नका, म्हणत होते, नको घेऊ दे.

ते खाली आले तेव्हा हातरुमालानं बोटं पुसत होते.

"घेतली," ते म्हणाले. "पापं विचारली तर नुसती मान हलवली. दोनदा. तोंड उघडायला फार वेळ लागला गं... मला वाटलं, उघडतच नाहीत." त्यांनी रुमालाची घडी केली. "हात बर्फासारखे आहेत. शेगडी ठेवत जा त्यांच्यापाशी. म्हाताऱ्या माणसाला एवढ्या ओलीत ठेवतात का?"

पोरगी घरीच राहील, असं सांगून ते गेले. घंटा परत दूर गेली. मी वर जाऊन पाहिलं तर खुर्ची रिकामी होती, आणि टोपी घडी करून नीट खुर्चीवर ठेवलेली.

मालक आल्यावर मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तळघर, मेणबत्ती, माझं मागणं, आजचं सगळं. मला वाटलं होतं हसतील, वेडी म्हणतील, किंवा पोर वाचली म्हणून देवाचे आभार मानतील. त्यांनी एकच विचारलं.

"तिनं घेतली?"

"हो."

ते खाली बसले. "सैनिकांना तीन रात्रींत सहीपलीकडे काही मिळालं नाही," ते म्हणाले. "जिवंतपणी कुणाला जमलं नाही. तू तिला मेल्यावर बाटवलंस, पेरीन."

आणि तो एवढा मोठा माणूस ओंजळीत तोंड घालून रडला. मग आबी आली, त्याच्या मांडीवर चढली, आणि त्यानं तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. मला माझी चूक कळत होती आणि कळत नव्हती. पोर तर घरात होती ना? आजही रात्री हाच हिशेब करते आणि तो जुळत नाही.

त्या दिवसानंतर बाई बसल्या नाहीत. मी खाली जाऊन विनवलं, माफी मागितली. वर खुर्ची सरकली नाही. उरलेले दहा दिवस मीच बसले.

जहाज आलं. आबी पिंपात शिरताना रडली नाही, तिनं मला विचारलं, "आजी येणार नाही?" मी म्हटलं, "तू गप्प बस, तिकडं पोचल्यावर बोल." झाकण बसलं. मीठ न्यायच्या जहाजावर वीस पिंपांत ते एक पिंप चढलं, मालक हमाल होऊन त्याच्यामागं चढले, आणि दोन बुरुजांमधून जहाज बाहेर पडताना मी धक्क्यावर कोळणींच्या घोळक्यात उभी होते. पुढं चार महिन्यांनी एका खलाशाकडून निरोप आला. दोघं सुखरूप आहेत, पोरगी वाढतेय, तिकडची भाषा बोलतेय. तेव्हा ते काम झालं, हे मी आधीच सांगून टाकते.

मागं राहून दोन दिवस मी खिडकीत बसले, घर भरलेलं दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी चार वाजता टोपी काढली आणि बाईंचा निरोप घ्यायला तळघरात गेले. फळ्या होत्या तशा होत्या. जमिनीवर, जिथं बाईंचं डोकं असेल तिथं, मातीवर काहीतरी पांढरं दिसलं.

मी मेणबत्ती खाली नेली. ती भाकर होती. अख्खी. कडेला दाताची खूण नाही, मातीचा कण नाही. बारा दिवस झाले होते, आणि ती ओली होती... आत्ताच कुणी जिभेवरून उतरवून ठेवावी तशी.

तुम्ही काय केलं असतंत? तुम्ही आमच्यातल्या, तुम्हाला कळेल. देवाचं शरीर जमिनीवर पडलेलं. तिथं ठेवता येत नाही, फेकता येत नाही. पाद्र्याकडे न्यावं तर कुठून आणलंस म्हणून विचारणार. लहानपणापासून शिकवलंय, पडलेली भाकर कुणीतरी भक्तीनं खावी. मी गुडघे टेकले, क्रुसाची खूण केली, आणि खाल्ली.

दगडासारखी गार होती. विरघळेना. मी किती वेळ तिथं बसले माहीत नाही. शेवटी ती गेली. कुठं गेली ते मला सांगता येणार नाही, पण गिळल्याचं आठवत नाही.

पुढचं थोडंच आहे. घर जप्त झालं. म्हातारीसकट सगळे पळाले असं लोक म्हणाले, आणि मी मानेनं हो म्हटलं. दुसरीकडे भांडी घासू लागले. पुढच्या ईस्टरला नेहमीसारखी रांगेत गुडघे टेकून बसले. पाद्री माझ्यासमोर आला, भाकर पुढं केली, आणि माझं तोंड उघडलं नाही.

मी उघडत होते. जबडा दुखेपर्यंत उघडत होते. जेवताना उघडतं, जांभईला उघडतं, आता तुमच्याशी दोन तास बोलतेय. तिथं उघडलं नाही. पोटात कळ आल्याचं सोंग करून मी उठले. तेव्हापासून बावीस वर्षं झाली. या चर्चमधून त्या चर्चमध्ये, आज ताप, उद्या पोट, असं करत मी काढली आहेत. मी जन्माची कॅथलिक हो. मला ती हवी आहे. मरताना कुणी दिली आणि असंच झालं तर माझं काय होणार, या विचारानं मला झोप लागत नाही, आणि झोपेसाठी तर मी हे सगळं केलं होतं.

यंदा म्हटलं, वय झालं, शेवटचं एकदा बघावं. गेल्या रविवारी गेले. नवा पाद्री आहे, तरुण, परगावचा, मला ओळखत नाही. त्यानं भाकर पुढं केली. मी डोळे मिटून जोर लावला. तो थांबला. शेजारची बाई बघायला लागली. मग त्यानं वाकून हळूच विचारलं, "नको आहे का?"

मी काही बोलले नाही. देवाशप्पथ सांगते, माझे ओठ मिटलेले होते, दात दातांवर होते. पण त्याला काहीतरी ऐकू आलं. मी डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता आणि भाकर धरलेला हात मागं गेला होता.

"माफ करा, मादाम," तो म्हणाला, आणि माझ्यापुढून निघून गेला.

मी मोलकरीण. या गावात मला आजवर कुणी मादाम म्हटलेलं नाही.